दुकानातला विंडोज 7 आणि विकत घेतलेले बावीस खेळ

मिरजेत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेशमंडळांची पावतीपुस्तकं, निवडणूक लागली की पत्रकं. दुकानातला मुख्य संगणक 2012 सालचा आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय थ्री, 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि विंडोज 7. हा संगणक बदलता येत नाही, कारण त्याच्या मागच्या बाजूला पेनड्राइव्हएवढा एक डाँगल खोचलेला आहे. अक्षरजुळणीचं जुनं मराठी सॉफ्टवेअर त्या डाँगलशिवाय उघडत नाही आणि डाँगलचा ड्रायव्हर विंडोज 10 वर बसत नाही. दहा-बारा वर्षांच्या पत्रिका त्याच फाँटांमध्ये आहेत. दर लग्नसराईत कुणी ना कुणी येऊन म्हणतं, "थोरल्याच्या वेळी केली होती तशीच करा," आणि दादा ती जुनी फाइल काढून फक्त नावं बदलतो.

रात्री साडेआठला शटर अर्धं खाली आलं की याच संगणकावर पुतण्या बसतो. त्याच्याकडे बावीस खेळ आहेत आणि सगळे रीतसर विकत घेतलेले. काही सेलमध्ये, काही दिवाळीच्या ओवाळणीतून. सतरा स्टीमवर, पाच गॉगवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांवर. एकही डबा नाही, एकही सीडी नाही. डिसेंबर 2023 मध्ये त्याने मला फोन केला तेव्हा स्टीमच्या खिडकीत वरच्या बाजूला एक पट्टी दिसत होती: 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7 ला आधार बंद.

"काका, माझे खेळ जाणार का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचे चार दिवस गेले. काय केलं, काय जमलं आणि काय सोडून द्यावं लागलं, ते पुढे लिहितो. असा संगणक घरात किंवा दुकानात असलेले बरेच जण आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना संगणक बदलणं शक्य नाही, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

दार जुनं झालं नव्हतं, दारावरचा पडदा झाला होता

आधी कारण समजून घेतलं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने मार्च 2023 मध्येच जाहीर केलं होतं की विंडोज 7, 8 आणि 8.1 वर स्टीम पुढे चालवणार नाही. स्टीमच्या खिडकीत दुकान, आपल्या खेळांची यादी, मित्रांशी गप्पा असं जे दिसतं ते रंगवायला आत गूगल क्रोमचं इंजिन बसवलेलं आहे. क्रोमची 109 ही आवृत्ती विंडोज 7 वर चालणारी शेवटची. फेब्रुवारी 2023 मध्ये 110 आली आणि तिने विंडोज 7 सोडलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट थांबवले होते. पैसे भरून मिळणारी कंपन्यांसाठीची वाढीव मुदतही 10 जानेवारी 2023 ला संपली. म्हणजे आधी मायक्रोसॉफ्ट हटलं, त्याच्यामागे गूगल, त्याच्यामागे व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी ती पट्टी मिरजेच्या पडद्यावर आली.

या साखळीत खेळ कुठेच नाही. 'पोर्टल 2' घ्या. हा खेळ एप्रिल 2011 चा, विंडोज 7 चा जोर असतानाचा. तो विंडोज एक्सपीवरही चालेल असं तेव्हा त्याच्या माहितीत छापलं होतं. आज त्याच खेळाला एक्सपी पुरतं, पण त्याच्यापर्यंत नेणाऱ्या क्लायंटला, म्हणजे संगणकावर बसवलेल्या स्टीमच्या प्रोग्रामला, विंडोज 10 लागतं. खेळाच्या एका ओळीतही बदल न होता तो "चालत नाही" या सदरात जातो. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. 1 जानेवारी 2019 ला एक्सपी आणि व्हिस्टा असेच बाहेर पडले होते.

व्हॉल्व्हचं निवेदन मी पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्यात "त्या दिवसापासून बंद पडेल" असं नव्हतं. अपडेट मिळणार नाहीत, सुरक्षेचेही नाहीत, मदत मिळणार नाही आणि पुढे चालेल याची हमी नाही, असं होतं. हा फरक मोठा आहे. लोक घाईघाईने नवा संगणक घेतात किंवा हात टेकतात. आमच्याकडे वेळ होता, फक्त किती ते माहीत नव्हतं.

कुलूप कुठे आहे ते आधी पाहा

दादाला हे समजावताना मी डाँगलकडे बोट दाखवलं. त्याच्या सॉफ्टवेअरला कुलूप आहे आणि किल्ली दादाच्या टेबलावर आहे. डाँगल सांभाळला, संगणक सांभाळला, की आणखी वीस वर्षं पत्रिका निघतील. डिजिटल खेळाची किल्ली बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरी असते. म्हणून आम्ही खेळांची यादी आवडीप्रमाणे लावली नाही, कुलपाप्रमाणे लावली.

तपासायची पद्धत साधी होती. स्टीम पूर्ण बंद करायचं, घड्याळाशेजारच्या चिन्हातूनसुद्धा. नेटची वायर काढायची. स्टीमॲप्स या फोल्डरच्या आत कॉमन नावाचं फोल्डर असतं आणि प्रत्येक खेळ तिथे आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. ते फोल्डर उचलून, स्टीम कधीच बसवलेलं नाही अशा माझ्या जुन्या लॅपटॉपवर न्यायचं आणि खेळाची फाइल थेट दोनदा टिचकावायची. खेळ उघडला तर कुलूप नाही. "स्टीम सुरू करा" असा संदेश आला, किंवा काहीच न होता सगळं शांत राहिलं, तर कुलूप आहे. त्याच संगणकावर तपासून उपयोग नाही, कारण तिथे खेळ गुपचूप स्टीमला उठवतो आणि आपण फसतो.

सतरापैकी सहा खेळ असे सरळ उघडले. पुतण्याचा विश्वासच बसेना. स्टीमवर घेतलेला प्रत्येक खेळ स्टीमला बांधलेला असतो, असा सर्रास समज आहे आणि तो खरा नाही. कुलूप लावायचं की नाही हे खेळ बनवणारा ठरवतो.

त्या सहांतला एक होता 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने बनवलेला, एप्रिल 2015 मध्ये पूर्ण रूपात आलेला, रॉकेट बांधून उडवायचा खेळ. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं त्या आठवड्यात पुतण्याने या खेळात विक्रम नावाचा लँडर बांधला होता आणि अकराव्या प्रयत्नात तो खेळातल्या चंद्रावर सरळ उभा राहिला होता. खरं सांगायचं तर त्याला बाकी एकवीस खेळांपेक्षा या एका लँडरची काळजी जास्त होती.

या खेळाचं फोल्डर उघडून पाहण्यासारखं आहे. आत गेमडेटा, शिप्स, सेव्हज अशी साधी नावं. शिप्सच्या आत गेलं की प्रत्येक यानाची एक क्राफ्ट फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत शिप, बरोबरचं चिन्ह आणि पुढे विक्रम. खाली प्रत्येक सुट्या भागाचं नाव, त्याची जागा, तो कुठे जोडलाय, सगळं वाचता येईल अशा अक्षरांत. सेव्हजमधली पर्सिस्टंट नावाची फाइलही तशीच, तिच्यात सगळी अवकाशमोहीम नोंदलेली. पोराने बराच वेळ ती वाचली. "म्हणजे काका, हे सगळं माझ्याकडेच आहे." होय. या खेळात सगळं एका फोल्डरमध्ये आहे, ते उचलून कुठेही नेता येतं. स्टीमला त्याची फक्त एक छोटी नोंद लागते, ॲपमॅनिफेस्ट आणि पुढे 220200 हा या खेळाचा क्रमांक. खेळाला स्वतःला ती नोंदही लागत नाही.

सगळेच खेळ इतके सरळ नसतात. काही आपली प्रगती डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, काही ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, काही स्टीमच्याच यूजरडेटामध्ये. खेळ वाचवला आणि चार वर्षांची प्रगती राहिली, असं होऊ नये म्हणून प्रत्येक खेळासाठी ती जागा शोधून त्या खेळाच्या फोल्डरशेजारीच वेगळी ठेवली.

पाच खेळ, एक पेनड्राइव्ह

गॉगचे पाच खेळ सगळ्यात सोपे होते, तरी वेळ तिथेच गेला, आणि तो आमच्याच चुकीने. गॉग ही पोलंडच्या सीडी प्रॉजेक्टची 2008 मधली सुरुवात, 'जुने चांगले खेळ' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. तिथे प्रत्येक खेळाचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. एकदा उतरवला की नेट नको, खातं नको, परवानगी नको. मोठ्या खेळाचा इन्स्टॉलर तुकड्यांत येतो: एक सेटअप फाइल आणि तिच्यासोबत बिन फाइली. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत. एक जरी राहिला तरी अर्ध्यावर अडतं.

विंडोज 7 वर ब्राउझर कुठला वापरायचा हा प्रश्न आलाच. फायरफॉक्सची 115 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज 7 वर चालते आणि मोझिलाने तिची मुदत पुढे पुढे वाढवत नेली. तिच्यातून पाचही इन्स्टॉलर रात्रभरात उतरले. त्यातले दोन मूळ 2000 च्या आसपासचे, आकाराने किरकोळ.

चूक पुढे झाली. स्टीमच्या सहा खेळांची फोल्डरं आम्ही एकेका मोठ्या झिप फाइलमध्ये बांधली आणि दुकानातल्या 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला घेतली. जागा भरपूर असूनही "फाइल फार मोठी आहे" असं येत राहिलं. पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीचा होता आणि त्यात 4 जीबीच्या वरची एकही फाइल मावत नाही. मला हे माहीत होतं, तरी अर्धा तास दुसरीच कारणं शोधत बसलो. शेवटी 1 टीबीची बाहेरची हार्डडिस्क आणली, ती मोठ्या फाइली मावणाऱ्या एनटीएफएस पद्धतीची केली आणि पेनड्राइव्ह परत पत्रिकांच्या कामाला गेला.

कॉपी झाल्यावर प्रत्येक मोठ्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवला. विंडोज 7 मध्येच सर्टयूटिल नावाची आज्ञा आहे, तिला फाइल आणि एसएचए 256 हे पद्धतीचं नाव दिलं की चौसष्ट अक्षरांचा ठसा मिळतो. दोन वर्षांनी तोच ठसा आला तर फाइल शाबूत. नाही आला तर इन्स्टॉल करून डोकं फोडण्याआधीच कळतं.

आणि एक गोष्ट जिचा विचार कुणी करत नाही. खेळ वाचवले आणि विंडोज 7 च गेलं तर? नव्याने टाकलेलं विंडोज 7 पुष्कळ गोष्टी नाकारतं. त्याला आधी सर्व्हिस पॅक 1 लागतो. प्रोग्रामवरच्या नव्या डिजिटल सह्या ओळखायला केबी 4474419 हा अपडेट लागतो. अनेक खेळांना केबी 2670838 हा ग्राफिक्सचा अपडेट आणि केबी 2999226 हा सी रनटाइमचा अपडेट लागतो. शिवाय जून 2010 चं डायरेक्टएक्स आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम. हे सगळं उतरवून त्याच डिस्कवर ठेवलं. मग विंडोज 7 च्या बॅकअपमधल्या सोयीने पूर्ण चालू संगणकाची सिस्टिम इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढली. त्या इमेजमुळे दादाच्या पत्रिकाही वाचल्या, हे त्याला सांगितल्यावर पोराच्या खेळांसाठी डिस्कचे पैसे कशाला, ही कुरकुर थांबली.

उरलेले अकरा

आता कुलूपवाले. अकरापैकी नऊ फक्त स्टीमला बांधलेले आणि दोन दुहेरी कुलपाचे, म्हणजे स्टीम उघडलं की ते दुसऱ्या कंपनीचा लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा प्रोग्राम, उघडतं आणि तो लाँचर खेळ.

दुहेरी कुलपाच्या बाबतीत मी पोराला आशा दाखवली नाही. त्यातला एक 'जीटीए 4' होता. या खेळाच्या संगणकावरच्या आवृत्तीला मुळात मायक्रोसॉफ्टची 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' सेवा जोडलेली होती. मायक्रोसॉफ्टने तिच्याकडे पाठ फिरवल्यावर नव्या किल्ल्याच बनेनात आणि जानेवारी 2020 मध्ये खेळ स्टीमच्या विक्रीतून काढावा लागला. मार्चमध्ये तो परत आला, पण अनेकांनी मिळून खेळायचा भाग गाळून आणि खेळ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचा स्वतःचा लाँचर लावून. दोन साखळ्यांपैकी कुठलीही एक तुटली तरी खेळ अडतो. हे दोन खेळ त्याने माझ्या घरी विंडोज 10 च्या लॅपटॉपवर, आपल्याच खात्यातून खेळायचे असं ठरलं. खेळ त्याचेच राहिले, दुकानातल्या खुर्चीतून मात्र गेले.

नऊ खेळांपाशी आल्यावर त्याने तो प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता. "नेटवर याच्या कुलूप काढलेल्या फाइली मिळतात. आपण पैसे भरलेत ना? मग काय हरकत आहे?"

प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला गप्प बसवलं नाही. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यातल्या कलम 52 मध्ये संगणक प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवणं-बिघडणं यापासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढायची मुभा आहे. आम्ही फोल्डरं आणि इन्स्टॉलर जपून ठेवले ते त्याच भावनेने. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ मात्र संरक्षणाचं कुलूप मोडण्याबद्दल आहे. त्यात हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने मोडणं असे शब्द आहेत आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आपण घेतलेला खेळ आपल्याच संगणकावर चालवण्याचा हेतू त्यात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतील. पण माझं कारण वेगळं होतं. कुणी अनोळखी माणसाने बदललेली प्रोग्राम फाइल, सुरक्षा अपडेट बंद झालेल्या विंडोजवर, ज्या संगणकात गावातल्या निम्म्या लग्नांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत तिथे चालवायची नाही. हे त्याला लगेच पटलं, कारण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने एकदा दुकान दोन दिवस बंद पडलेलं त्याने पाहिलं आहे.

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, स्टीमचा ऑफलाइन मोड. नेट चालू असताना लॉगिन करून नऊही खेळ एकेकदा पूर्ण सुरू केले, म्हणजे पहिल्या वेळी लागणाऱ्या गोष्टी बसून जातात, आणि मग ऑफलाइन गेलो. याला मी तात्पुरता टेकू समजतो. संगणक फॉरमॅट झाला तर पुन्हा लॉगिन हवं आणि लॉगिनला चालू क्लायंट हवा. स्टीमचा स्वतःचा बॅकअपही याच कारणाने पुरत नाही, तो परत बसवायला स्टीमच लागतं.

दुसरी गोष्ट जास्त टिकाऊ. 240 जीबीची एक एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं आणि वापरलेली जुनी रॅम बसवून 4 ची 8 जीबी केली. विंडोज 7 च्या डिस्कला हातही लावला नाही. संगणक सुरू करताना कुठल्या डिस्कवरून उठायचं ते निवडायचं, सकाळी पत्रिका, रात्री खेळ. लिनक्सवर स्टीम आजचं, अपडेट होणारं चालतं. 'पोर्टल 2' ची लिनक्स आवृत्ती व्हॉल्व्हनेच दिलेली आहे, ती सगळ्या सेटिंग्ज तळाला नेऊन बरी चालली.

विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवायला व्हॉल्व्हने 2018 च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन आणलं, 1993 पासून चालू असलेल्या वाइन या प्रकल्पाच्या पायावर. इथे आमच्या जुन्या यंत्राने हिसका दाखवला. प्रोटॉन डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजवर चित्र काढायच्या पद्धतीचं, काम वल्कन या नव्या पद्धतीत वळवतं आणि दुसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला वल्कन येतच नाही. जुन्या ओपनजीएलच्या वाटेने न्यायची एक सेटिंग आहे. तिने नऊपैकी तीन हलके खेळ चालले, दोन उघडून काळे पडले. तीन लिनक्सचे स्वतःचे होते, ते चालले. उरलेला एक सुरूच झाला नाही. म्हणजे नऊपैकी सहा.

एकूण हिशेब असा: सहा आणि पाच, हे अकरा पूर्णपणे हातात. सहा लिनक्सवर, खात्याच्या आधाराने. तीन फक्त ऑफलाइन टेकूवर. दोन माझ्या घरी.

त्यानंतर

1 जानेवारी 2024 ला सकाळी त्याने फोन करून सांगितलं की विंडोज 7 वर स्टीम नेहमीसारखं उघडलं. महिनोन्‌महिने उघडत राहिलं. नोव्हेंबर 2024 च्या अपडेटमध्ये मात्र व्हॉल्व्हने स्पष्ट लिहिलं की ही आवृत्ती विंडोज 7 आणि 8 वर चालणार नाही, तिथला क्लायंट जुन्याच आवृत्तीवर राहील. तोपर्यंत विंडोज 7 ची नेटची वायर आम्ही कायमची काढलेली होती.

त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये स्टीमच्या खरेदीच्या पानावर एक ओळ आली, की तुम्ही विकत घेताय तो खेळाचा परवाना आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात कायदा झाला होता, 1 जानेवारी 2025 पासून लागू. डिजिटल माल नुसता परवाना म्हणून देत असाल तर तसं न सांगता 'विकत घ्या' असा शब्द वापरायचा नाही, असं त्यात आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोराने ओवाळणीचे पैसे दिले तेव्हा त्याला ही ओळ दिसायला हवी होती.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही नेहमीची मुदत संपली. माझा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाही, म्हणून त्या दोन दुहेरी कुलपाच्या खेळांचा प्रश्न आता माझ्या घरी आला आहे.

डिस्क दादाच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या अल्बममागे असते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, दुकानातली यंत्रं पुसून पूजेला लावतात तेव्हा ती बाहेर निघते. हार घालण्याआधी पुतण्या ती जोडतो आणि सगळे ठसे पुन्हा काढून त्या मजकुराच्या फाइलमधल्या यादीशी ताडतो. 2025 ला गॉगच्या एका खेळाची एक बिन फाइल जुळली नाही. आमची दुसरी प्रत माझ्याकडे पुण्यात आहे. मी ती तपासली, तिचा ठसा बरोबर निघाला, आणि दसऱ्याला मिरजेला जाताना पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. या वेळी पेनड्राइव्ह एनटीएफएस केलेला होता.